भाऊसाहेबांचं भाषण आणि पावसाची टाळी

“शाळेचं मैदान जाणार!”

बातमी फुटली आणि मधल्या सुट्टीत डबे उघडे ते उघडेच राहिले. शहराला चिकटलेल्या बोरटेक उपनगरातलं हे नगरपरिषदेचं हायस्कूल. आजूबाजूला टायवाल्या शाळा चिक्कार, पण दहावीचा निकाल असो, विज्ञान प्रदर्शन असो की नाट्यस्पर्धा, ढाल यायची ती याच गळक्या छपराखाली. मुलींचा खो-खोचा संघ तर यंदा थेट राज्य स्पर्धेत पोचला होता. आणि नेमकं त्यांच्या सरावाच्या मैदानावर नगराध्यक्ष भाऊसाहेब निंबारकरांना मंगल कार्यालय बांधायचं होतं!

भाऊसाहेब मुख्याध्यापक टिळेकर सरांच्या खोलीत, सरांच्याच खुर्चीत बसून चहा पीत होते. सर शेजारी उभे. तेवढ्यात संघाची कर्णधार, नववीतली कस्तुरी भालशंकर, दार ढकलून आत आली.

“साहेब, मैदान गेल्यावर आम्ही पळायचं कुठे?”

“लग्नात वाढपाला या, तिथे पळा!” भाऊसाहेब स्वतःच्या विनोदावर मनसोक्त हसले. “उद्या स्नेहसंमेलनात भाषणाच्या शेवटी मी घोषणा करणार म्हणजे करणार!”

“शेवटी ना? मग काळजी मिटली,” कस्तुरी म्हणाली. “तुमच्या भाषणाचा शेवट आमच्या शाळेत अजून कुणी पाहिलेलाच नाही.”

टिळेकर सरांना ठसका लागला. त्यांनी चहा घेतलेलाही नव्हता.

पण पोरगी खोटं बोलत नव्हती. भाऊसाहेब एकदा माइकला भिडले की पाचवीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपायची, पालक हळूच सटकायचे आणि बक्षिसं दुसऱ्या दिवशी वर्गात वाटावी लागायची. माणूस वाईट नव्हता. स्वतःचा आवाज ऐकला की त्याला दुसरं काही सुचत नसे, एवढंच.

भाऊसाहेबांनी कप आपटला. “मग थांबवून दाखव मला! घोषणेच्या आधी मी आपणहून खाली बसलो, तर मैदान तुमचं! पण घंटा वाजवायची नाही, चिठ्ठी पाठवायची नाही, माइकची वायर ओढायची नाही आणि कुणी जागेवरून उठायचं नाही. माझा अपमान झाला, तर मैदानही गेलं आणि संघही!”

“आणि मान दिला तर?”

“मान? तो द्याल तेवढा कमीच!”

“बरं साहेब,” म्हणून कस्तुरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव खच्चून भरला. भाऊसाहेब उभे राहिले, घसा साफ केला.

“यंदा दहावीचा निकाल उत्तम लागला. का? कारण मी सकाळी लवकर उठतो!”

आता या शाळेचा एक रिवाज होता. कौतुकाची गोष्ट निघाली की ‘पावसाची टाळी’ द्यायची. आधी एका बोटाने तळहातावर टिपटिप, मग दोन बोटांनी, मग तीन, असं वाढत वाढत सगळ्या पंजाने धो धो. पुन्हा एकेक बोट कमी करत पाऊस ओसरेपर्यंत वाजवत राहायचं. मध्येच तोडायची नाही!

कस्तुरीने बसल्याजागी एक बोट उचललं. टिपटिप सुरू झाली आणि बघता बघता मांडव दणाणला. भाऊसाहेब खूश! पाऊस ओसरेपर्यंत हात जोडून उभे.

“विज्ञान प्रदर्शनात आपल्या सौरचुलीला पहिलं बक्षीस! का? कारण सूर्य आणि मी...”

टिपटिप... धो धो!

“नाट्यस्पर्धेत...”

टिपटिप! एव्हाना पालकांनाही गोडी लागली होती. हात वर करून भाऊसाहेब म्हणाले, “पुरे, पुरे!” लोकांना वाटलं, नमस्कारच करतायत. पाऊस दुप्पट! हसून हसून त्यांचे गाल दुखायला लागले, मान डोलवून डोलवून अवघडली. शेवटी घाईघाईने त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

“आता या मैदानावर...”

‘मैदान’ ऐकताच खो-खोच्या मुलींनी असा पाऊस पाडला की मांडवाचं कापड थरथरलं.

सुरुवातीपासून माइकशेजारीच उभे असलेले टिळेकर सर भाबडेपणाने कानाशी लागले. “साहेब, लोकांचं प्रेम आवरत नाहीये. तुम्ही बसलात तरच थांबतील.”

भाऊसाहेब धपकन बसले.

मांडव चिडीचूप! ते अर्धवट उठले. टिपटिप! परत बसले. चिडीचूप! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, आणि ते खुर्चीतूनच गरजले, “कस्तुरी! इकडे ये! हा सरळसरळ दगा आहे. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत!”

कस्तुरी मंचासमोर आली. “घंटा वाजली का साहेब?”

“नाही.”

“चिठ्ठी? वायर? कुणी उठलं?”

“नाही! पण त्या टाळ्या...”

“मान द्याल तेवढा कमीच, असं तुम्हीच म्हणालात. तरीपण आमचं चुकलं असेल, तर तुमच्या भाषणातलं कुठलं वाक्य टाळीच्या लायकीचं नव्हतं, तेवढं सगळ्यांसमोर सांगा. त्या वाक्याच्या टाळ्या आम्ही परत घेतो!”

भाऊसाहेब बोटांवर आपली वाक्यं मोजू लागले. एकही टाकवेना! समोर अख्खं बोरटेक कान टवकारून बसलेलं! आणि मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं, खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बोरटेकने त्यांचं इतकं छोटं आणि इतकं छान भाषण कधी ऐकलं नव्हतं.

“घे पोरी, मैदान तुमचं! नवे खांब माझ्याकडून, आणि राज्य स्पर्धेला जायला गाडीही माझी!” डोळे पुसत ते म्हणाले, आणि लगेच दोन्ही हात पुढे करून ओरडले, “पण आता टाळी नको, बाई!”