ड्रॅगनचं शेपूट

भिंतींनाही वाचता यायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका वाचनालयात बावरी नावाची पाल राहायची. एकदा खिडकी आपटली, ती दचकली आणि तिचं शेपूटच गळून पडलं. लाजून ती ड्रॅगनच्या एका कादंबरीत दडली आणि दुपारच्या पिवळ्या उजेडात वाचू लागली. त्या ड्रॅगनचंही शेपूट तुटलं होतं. ते पुन्हा येतं का, एवढंच तिला हवं होतं. पण शेवटचं पानच नव्हतं.

तिने खिडकीतल्या चिमणीला विचारलं.

"पिसं नाहीत आणि म्हणे उडतो. पहिल्याच पानावर मिटलं मी ते पुस्तक," चिमणी म्हणाली.

"मला तर फार आवडलं," पानांतली कसर म्हणाली. "शेवट कसा तोंडात विरघळला."

"म्हणजे शेवटी काय झालं, कसरबाई?"

"वाचलं कुठं गं? खाल्लं मी."

बावरी उरलेल्या पानांवर पोट टेकून झोपली. स्वप्नात ड्रॅगन ढगांवरून सरपटत होता आणि त्याच्यामागे काहीतरी लांब लांब होत चाललं होतं. जाग आली ती गुदगुल्यांनी. तिने भीत भीत मान वळवली. मागे तांदळाच्या कणीएवढं कोवळं टोक फुटलं होतं.

"शेवट चांगला आहे," ती पुस्तकाला हळूच म्हणाली.