चंपिकेचा विस्तव

पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी वेत्रपूर नावाचे नगर होते आणि उदयभद्र राजा तिथे राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्मले होते. नाव वेळुक. बांबू फोडावा, सुपे-टोपल्या विणाव्या, पावसाळ्यापुरती इरली करावी आणि बाजारात न्यावी, एवढाच त्यांचा उद्योग. राजाला त्यांचे नाव ठाऊक असायचे काही कारणच नव्हते. बुरुडगल्लीत मात्र त्यांचे घर सगळ्यांना माहीत होते, आणि तेही त्यांच्यामुळे नव्हे, त्यांच्या बायकोमुळे.

तिचे नाव चंपिका. तिच्या माहेरी रीत होती, लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर घरच्या चुलीतला विस्तव द्यायचा. खापरात राख, राखेत निखारे. ते खापर मांडीवर धरून ती दोन दिवस बैलगाडीत बसून आली होती. हात भाजले होते, पण खापर खाली ठेवले नव्हते. त्या निखाऱ्यांवर या घरची चूल पेटली, आणि चंपिका होती तोवर, पुढची बत्तीस वर्षे, ती कधी विझली नाही.

आणि काय तिची ती चूल! जाळ म्हणून वाया जायचा नाही. मोठ्या तोंडावर भात, बाजूच्या वैलावर आमटी. डाळ सकाळीच भिजत पडलेली, म्हणजे दोन उकळ्यांत शिजायची. भाताच्या मडक्यावर झाकण म्हणून ती पाण्याने भरलेले खोलगट भांडे ठेवी. भात होईतो वरचे पाणी आपोआप ऊन होई आणि तेच भाकरीच्या पिठात जाई. जाळ ओसरला की भाकऱ्या, भाकऱ्या झाल्या की निखाऱ्यावर दूध, आणि दूध उतरले की गरम राखेत एखादा कंद. तांदळाचे धुवण गाईला. थंड झालेली राख भांडी घासायला, उरलेली बियाण्यात कालवायला, म्हणजे कीड लागत नाही. त्या घरात कधी सुबत्ता नव्हती, पण कोणी उपाशी निजल्याचेही कोणाला आठवत नाही.

संध्याकाळी जेवणे उरकली की ती चांगले मोठे नऊ-दहा निखारे निवडी, एकमेकांना टेकवून ठेवी आणि वरून राखेचे पांघरूण घाली. बोधिसत्त्व एकदा हसून म्हणाले, "अगं, सकाळी चूल पेटवायला एक निखारा बास होतो. एवढे कशाला?"

ती म्हणाली, "एकटा निखारा रात्र काढत नाही हो. त्याला शेजार लागतो. आणि सकाळी बायका येतील, त्यांना काय राख देऊ?"

कारण सकाळ झाली की गल्लीतल्या बायका गोवरीचा तुकडा घेऊन दारात यायच्या. कोणाचा विस्तव विझलेला असे, कोणाचा नसे, तरी येत. चंपिका चिमट्याने निखारा उचलून गोवरीवर ठेवी आणि ठेवता ठेवता विचारी, "पोराचा खोकला कसा आहे गं?" त्या सकाळींचा धूर, ती बडबड, गोवरीवर फुंकर मारत लगबगीने घरी निघालेल्या बायका! ज्यांनी ते पाहिले, त्यांना पुढे म्हातारपणीही त्याची आठवण झाली की बरे वाटायचे.

मग एका तापात चंपिका गेली.

बोधिसत्त्व रोज पहाटे तिच्या जागी बसून राख बाजूला करू लागले. फुंकणी त्यांनीच लग्नाच्या पहिल्या वर्षी बांबूची करून दिली होती. चंपिकेच्या ओठांनी तिचे टोक गुळगुळीत झाले होते. ती तोंडाला लावली की त्यांना भरून यायचे. पण तेवढ्यात निखारा लाल होई, आणि त्यांना वाटे, ही अजून घरातच आहे.

पुढे मुलाचे लग्न झाले आणि रेवती सून म्हणून आली. पोर गुणी. हाताला चलाख, बोलायला गोड. पण तिचे बालपण फार ओढगस्तीत गेले होते. घरातली एखादी वस्तू संपेल, ही भीती तिच्या मनातून जात नसे. बोधिसत्त्वांनी चंपिकेच्या सगळ्या युक्त्या तिला शिकवल्या. झाकणावरचे पाणी, वैलावरची आमटी, राखेतला कंद, सगळे ती महिन्याभरात शिकली. वर स्वतःच्याही दोन घातल्या. दिव्याची वात बारीक केली, भाजीचे देठ वाळवून सरपणात टाकले. बोधिसत्त्वांना कौतुक वाटले.

एके दिवशी ती म्हणाली, "मामंजी, रागावू नका. रोज आपल्या चुलीतले सात-आठ निखारे बाहेर जातात. तेवढ्यावर आपल्या भाकऱ्या भाजल्या असत्या. आजपासून मी कोणाला विस्तव देणार नाही."

"पोरी, दिल्याने विस्तव कमी होतो का?"

"विस्तव नाही होत, पण गोवऱ्या होतात ना! त्या मी थापते."

गोवऱ्या खरेच ती थापत होती, आणि तिला दिवस गेले होते. भांडून तिचे मन बदलेल असे बोधिसत्त्वांना वाटले नाही. दारात आलेल्या बायका दोन-चार दिवस रिकाम्या गोवऱ्या घेऊन परत गेल्या, मग यायच्या थांबल्या. जी ती आपापल्या घरी अरणीची लाकडे घासून जाळ करू लागली. गल्लीतल्या सकाळी मुक्या झाल्या.

आता बाहेर विस्तव जायचा नाही, मग रेवतीला वाटले, दहा निखारे तरी कशाला पुरायचे? तिने आधी पाच केले, मग तीन, मग दोन.

गल्लीच्या शेवटी कपिला नावाची म्हातारी परटीण एकटीच राहत होती. तिच्या हातात अरणी घासायचे बळ नव्हते. बोधिसत्त्व सुनेला म्हणाले, "उद्यापासून मला सकाळची भाकरी नको. रात्रीची शिळी खाईन. तेवढ्या जाळाचा एक निखारा मला दे."

"शिळी कशाला? पोट दुखेल मामंजी. आणि निखारा कोणाला हवा?"

"कपिलाअक्काला. बांबूच्या बेटाकडे जाताना माझ्या वाटेतच आहे तिचे घर."

ते वाटेत नव्हते. बेट दुसऱ्या दिशेला होते. रेवतीला हे ठाऊक होते, पण सासऱ्यांच्या तोंडावर ते बोलणे तिला जमले नाही. त्या दिवसापासून बोधिसत्त्व शिळी भाकरी खात, खापरात एक निखारा घेत आणि उलट्या दिशेने चालू लागत. असे चार महिने गेले.

श्रावणात झड लागली. पाच दिवस सूर्य दिसला नाही. मुलगा टोपल्या घेऊन नदीपलीकडे गेला होता, तो पुरामुळे तिकडेच अडकला. सहाव्या दिवशी उजाडता उजाडता रेवती बाळंत झाली. मुलगी. पण पोर दिवसांआधी आलेली, मुठीएवढी, आणि अंगाला हात लावला तर गार. सुईण म्हणाली, "आधी चूल पेटवा. शेक मिळाला नाही तर हे लेकरू हाती लागायचे नाही."

बोधिसत्त्वांनी राख बाजूला केली. दोन्ही निखारे विझून काळे पडले होते. त्यांनी फुंकणी लावली, फुंकले, पुन्हा फुंकले. नुसती राख उडाली. चंपिकेची बत्तीस वर्षे आणि ती गेल्यावर आणखी चार, इतका काळ जपलेला विस्तव गेला होता. अरणी दमट झाल्या होत्या. घासून घासून हाताची साले निघाली, ठिणगी पडेना. रेवती बाजेवरून बघत होती. बाळाला तिने पोटाशी धरले होते आणि ती म्हणत होती, "मामंजी, माझ्यामुळे झाले हो. मी दोनच ठेवले होते."

बोधिसत्त्व म्हणाले, "ते मागाहून बघू. तू तिला घट्ट धर." इरले डोक्यावर घेऊन ते बाहेर पडले.

पहिल्या घरी चूल गार. दुसऱ्या घरी गार. अरणी सगळ्यांच्याच भिजल्या होत्या. तिसऱ्या घरच्या बाईने दार उघडले आणि म्हणाली, "बाबा, आमचा विस्तव तुमच्याच घरून यायचा ना? तो बंद झाला, आता आम्ही कुठून देणार?" ती टोचून बोलली, पण बाळाचे कळताच तिचा चेहरा उतरला आणि तिने माळ्यावरची कोरडी गोवरी शोधायला घेतली.

शेवटी ते कपिलेच्या दारात आले. आत पाहतात तर चुलीवर पाणी उकळत होते, आणि चुलीत मोठे थोरले निखारे, दहा-बारा, एकमेकांना टेकलेले!

"अक्का, अगं, तुझ्याकडे एवढा विस्तव?"

म्हातारी ओशाळली. "खरे सांगते वेळुका, तू पहिल्या दिवशी आणलास ना, तो मी विझूच दिला नाही. चंपिकेने शिकवले होते तसे रोज पुरत गेले. तुझा निखारा मला नंतर लागतच नव्हता."

"मग मला सांगितले का नाहीस?"

"सांगितले असते तर तू आला असतास का? दिवसभरात माझ्याशी बोलणारे दुसरे कोण आहे?" मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती दचकली. "का रे, काय झाले?"

त्यांनी सांगितले. म्हातारीने मोठे खापर घेतले, निम्मे निखारे त्यात घातले आणि वर राख पसरली. "घेऊन जा. तुमचाच आहे. चंपिकेचा आहे."

बोधिसत्त्वांनी डोक्यावरचे इरले काढून खापरावर धरले आणि ते भिजत निघाले. पण पाऊस आडवा येत होता, एका इरल्याने भागेना. तिसऱ्या घरची बाई कोरडी गोवरी पदरात घेऊन दारातच उभी होती. ती पुढे आली आणि तिने आपले इरले त्यांच्या इरल्याला लावले. पुढच्या घरातून दुसरी आली. मग तिसरी. ज्यांना चार महिन्यांपूर्वी रिकाम्या हाताने परत पाठवले होते, त्याच बायका खापराभोवती इरली जोडून चालू लागल्या. स्वतः नखशिखांत भिजल्या, पण खापरावर एक थेंब पडू दिला नाही.

चूल पेटली. कोणी कोरडा पेंढा आणला होता, कोणी गोवरी. सुईणीने पोरीला मांडीवर घेऊन हात शेकले, ते हात तिच्या पाठीवर फिरवले, पुन्हा शेकले. मग पोरीने तोंड वाकडे केले आणि ती रडली. बारीकच, पण रडली. तेव्हा त्या घरात रडले नाही असे कोणीच उरले नाही.

रेवतीने बाजेवरूनच सांगितले, "मामंजी, ह्या सगळ्यांना विस्तव द्या. आणि आज संध्याकाळी बारा निखारे पुरा." बोधिसत्त्व चुलीपाशी बसले होते. हातात ती गुळगुळीत फुंकणी होती, आणि त्यांना बैलगाडीत खापर मांडीवर घेऊन बसलेली एक मुलगी आठवत होती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारातल्या कोठीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या वसुदत्ता उपासिकेला सांगितली. ती फार जपून खर्च करी आणि भिक्षू तिला वाखाणत. पण त्या सकाळी एका आजारी भिक्षूने ऊन पाणी मागितले, तेव्हा सरपण वाचावे म्हणून तिने नाही म्हटले होते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाची कपिला म्हणजे अंगण झाडते ती थोरली भिक्षुणी. वेळुक बुरूड मीच होतो. रेवती तू होतीस, वसुदत्ते."

तिने मान खाली घातली. मग हळूच विचारले, "आणि चंपिका?"

"ती आज इथे नाही. तिची रीत मात्र आहे. तुझी चूल मी पाहिली आहे, तूही झाकणावर पाणी ठेवतेस."

"आणि भगवन्, ती मुलगी?"

"जिच्यासाठी तू बाजेवरून रडत होतीस, ती? सकाळी ज्याला तू ऊन पाणी दिले नाहीस, तो भिक्षू."

वसुदत्ता उठली. तिने किल्ल्या तिथेच ठेवल्या, स्वयंपाकघरात गेली, राख बाजूला केली आणि पाणी ठेवले. ते ऊन झाल्यावर तिने स्वतः त्या भिक्षूला नेऊन दिले.

या कथेतला गुण दान, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. वसुदत्तेला कोणी विचारले तर ती म्हणे, काटकसर; बाहेर दिलेला एक निखाराच शेवटी उरला होता.