पाच हजार तासांची पाटी

"अगं, विमान उडो न उडो, सही तर माझीच लागते ना!" फ्लाइंग क्लबचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन दाभोळे टेबलावर हात आपटून ओरडले. "तुझे रात्रीच्या उड्डाणाचे उरलेले तास मी लॉगबुकात लिहून टाकतो. सगळे हेच करतात."

माझी भाची शलाका त्यांच्यासमोर उभी होती. करणार काय? फ्लाइंग क्लबचं एकुलतं एक विमान पंखा काढून हँगरात पडलेलं. तास पुरे झाल्याशिवाय पायलटचं लायसन्स नाही, आणि या महिन्यात ते झाले नाहीत तर पास केलेल्या परीक्षाही बाद. मी दारात दातओठ खात होते. मी तोंड उघडलं असतं, तर त्यांचा राग पोरीवरच निघाला असता.

त्या क्लबात माणसाची किंमत तासांवर. जास्त तासवाल्याला खुर्ची, बाकीच्यांनी उभं राहायचं. या मेल्याच्या दारावर तर नावाच्याही वर 'पाच हजार तास' अशी पितळी पाटी!

"सर, अंधारात धावपट्टी कशी दिसते तेच मला माहीत नाही," शलाका म्हणाली.

"मला शिकवतेस? पाच हजार तास उडालोय मी!" कॅप्टननी पेनाचं टोपण काढलं. "शेवटचं विचारतो. लिहू, की घरी जातेस?"

शलाकाचे डोळे भरून आले. सगळं संपलं, हे तिला कळून चुकलं होतं. तिने पिशवी खांद्याला अडकवली, दारावरच्या पाटीकडे बोट केलं आणि शांतपणे विचारलं, "सर, यातले आकाशातले किती, आणि या पेनातले किती?"