टेकडी कुठं गेली?

वस्तूंना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. गोल्फच्या मैदानावरच्या गाडीत नवी बॅटरी बसली. गाडी चालवणारे दगडूमामा रोज फक्त जवळच्या तळ्यापर्यंत जात आणि परत येताच तिला चार्जरला जोडत. बॅटरी गोंधळून जाई.

"आजोबा, मी दमलेसुद्धा नाही, मग पुन्हा जेवायला कशाला वाढता?"

म्हातारा चार्जर नुसता गुणगुणत राही.

एकदा एका पाहुण्याला टेकडीपलीकडे जायचं होतं. "नको साहेब, बॅटरी नवी आहे," मामा म्हणाले.

"नवी आहे, मग चिंता कसली?" पाहुणा हसला. बॅटरीलाही ते पटलं. पण अर्ध्या चढावरच तिला धाप लागली आणि दोघांना गाडी ढकलत आणावी लागली.

"सकाळी तर मी पोटभर जेवले होते!" बॅटरी रडकुंडीला आली.

"जेवलीस गं, पण पोटच अजून लहान आहे," चार्जर म्हणाला. "रोज थोडं चाल, रोज पोटभर जेव."

बॅटरीला काही उमजलं नाही. ती आपली तळ्यापर्यंत जात राहिली, जेवत राहिली. मग एके दिवशी गाडी पलीकडच्या माळावर जाऊन थांबली, तेव्हा ती पुन्हा गोंधळली.

"मामा, वाटेत एक टेकडी होती ना? ती कुठं गेली?"