गोजराची झाडं

ऊस संपतो तिथून वर टेकडी बोडकी आहे. माथ्यावर तेवढी जुन्या रानातली ही मूठभर झाडं उरली आहेत. महाराष्ट्रातून मॉरिशसला येणारे पाहुणे मला हमखास विचारतात, "नाना, एवढीच कशी राहिली?"

आमचे पूर्वज जहाजाने इथे ऊस लावायला आले, त्या काळची ही गोष्ट. त्यांच्यात गोजरा नावाची एक बाई होती, रत्नागिरीकडची. एका पावसाळ्यात तापाची साथ आली. आधी तिचा नवरा गेला, मागोमाग लेक गेली. गोजराने दोघांना पोचवलं आणि कोयता घेऊन कामावर उभी राहिली. डोळ्यांतून टिपूस नाही. बायांनी तिला गदागदा हलवलं, लेकीचा परकर आणून मांडीवर ठेवला.

"रड गं बाई. नाहीतर वेड लागेल."

"येत नाही," ती म्हणाली, आणि परकराची नीट घडी घातली.

तेव्हा टेकडीवरचं रान तोडायचं काम चाललं होतं. माथ्यावरच्या झाडाला पहिला घाव बसला तशी सगळी पाखरं उडाली. एक मात्र गेलं नाही. अंगठ्याएवढं, हिरवट पाठीचं, फुलांतला मध पिणारं. त्याचा जोडीदार खाली मरून पडला होता, आणि ते आपलं फुलावरून घरट्यात, घरट्यातून फुलावर जातच होतं.

गोजरा बराच वेळ बघत राहिली. मग कोयता खाली ठेवून त्या खोडाला टेकून बसली.

मुकादम हरबा धावत आला. "ऊठ! साहेब तुलाही फोडील आणि मलाही."

"त्याची पिल्लं उडू देत. मग तोडा."

हरबाने स्वतः कुऱ्हाड उगारली, ती म्हणे हवेतच राहिली, खाली येईचना. असेलही. त्या साथीत हरबाचाही पाठचा भाऊ गेला होता, एवढं मला माहीत आहे. तो माणसं घेऊन दुसऱ्या उतारावर गेला.

गोजरा तिथेच बसून राहिली. पाऊस अंगावर घेतला, तोही तिला कळला नाही. पिल्लं उडाली त्या सकाळी पाखरू तिच्या खांद्यावर बसलं आणि त्याने तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याला चोच लावली. आत साचलेलं मीठ त्याने टिपून घेतलं, म्हणून त्या जातीच्या डोळ्यांभोवती पांढरं कडं आलं, असं सांगतात.

मग ती रडली का? कुणी म्हणतं, रडली. माझे आजोबा म्हणत, शेवटपर्यंत नाही. ती खाली आली, भात मागितला आणि जेवली. हरबाने पुन्हा कुणाला वर पाठवलं नाही. नंतर साहेब बदलले, तरी या झाडांना कुणी हात लावला नाही.

आजही आमच्या गावात कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारणी येतात, चूल पेटवतात, भात करून झाकून ठेवतात. पण 'रड' म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. नुसत्या शेजारी बसून राहतात.