बोटानं वाचणाऱ्या सगुणेची कहाणी

ऐका अक्षरमाये, तुमची कहाणी.

एक आटपाट नगर, त्यात कासारआळी. तिथं सगुणा नांदत होती. श्रावणातल्या शुक्रवारी कहाणी वाचायचा पाट तिचा. एके दिवशी काय झालं? दिवस रोजच्यासारखाच होता. सासू डाळ निवडत होती. इतक्यात निरोप आला, सून विहिरीच्या पायरीवरून पडली, डोकं आपटलं.

मग सगुणा जगली. चालू लागली, बोलू लागली. पण पोथी उघडली तर अक्षरांच्या मुंग्या झालेल्या. चुलत जाऊ हसली. "जाऊबाई, पाट सोडा. 'अ' ओळखवेना, नि म्हणे कहाणी वाचणार!" बायका म्हणाल्या, देवीचा कोप, हिच्याच हातून काही चुकलं असेल. सगुणेच्या अंगाची आग झाली. "काय चुकलं? सांगा की!" जाऊ पाटावर बसली.

मग सासूनं ताटात राख पसरली. म्हणाली, "पोरी, डोळ्यांना कळत नसेल तर बोटाला विचार." बोट धरून 'क' गिरवला. पहिल्यांदा विसरली, रडली. दुसऱ्यांदा विसरली, ताट भिरकावलं. सासूनं मुकाट्यानं राख पुन्हा भरली. तिसऱ्यांदा बोटानं ओळखलं. असं करता करता सगळी अक्षरं आली, आणि सासू वारली.

वर्षश्राद्ध झालं. श्रावण आला. बायका मुठीत अक्षता घेऊन बसल्या. सगुणेनं जावेला पाटावरून उठवलं, आपण पोथी घेऊन बसली. बोट फिरवी, अक्षर सांगे. बोट फिरवी, अक्षर सांगे. ऊन कललं, पुरण निवलं, लेकरं पेंगली. जाऊ म्हणाली, "भुकेनं जीव चाललाय बाई! आणा इकडे, मी वाचते."

सगुणा म्हणाली, "कहाणी पुरी व्हायच्या आत अक्षता टाकून उठेल तिचं व्रत मोडेल. कुणाला उठायचंय, उठा."

कोणी उठेना.

"इतके श्रावण मी कोपऱ्यात बसले. आज तुम्ही बसा."

कहाणी संपली. मग दारात एक म्हातारी सवाशीण उभी राहिली, कपाळभर कुंकू. ती अक्षरमाय. म्हणाली, "प्रसन्न झाले. माग."

"माझ्या सासूला घटकाभर ऐकायला पाठव."

"ते नाही व्हायचं."

"मग सरक. पानं वाढायचीत."

जशी सगुणेला अक्षरं पुन्हा लाभली, तशी तुम्हांआम्हांला लाभोत. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत पुरी झाली, तिला फळ आलं. सगुणेनं सगळ्यांना जेवू घातलं, देवीलाही घातलं. नमस्कार तेवढा केला नाही. तो अजून राहिला आहे.