अस्सल चंद्रकोर

सोनवडे संस्थानाच्या शिक्क्यावर चंद्रकोर होती. तिची नक्कल करील त्याचा अंगठा तोडत.

भिवरा चितारीण लाकडी बाहुल्यांच्या कपाळी चंद्रकोर रेखायची. कारभारी आबासाहेबांनी तिला तळ्याकाठच्या दरबारात उभी केली.

"सरकार, हिनं आपला शिक्का बनावट केलाय!"

सांज निवत होती. तळ्यावर धुकं उतरलं होतं आणि भिवरेला सगळं स्वप्नागत वाटत होतं. तेवढ्यात पाण्यात तिजेची कोर थरथरली. भिवरा हसली.

"महाराज, अस्सल कोर वर आभाळात आहे. माझ्या बाहुलीवरची कोर तिची नक्कल, आपल्या शिक्क्यावरचीही तिचीच. अंगठे तोडायचेच, तर रोज शिक्का मारणाऱ्या कारभाऱ्यांपासून सुरुवात करा. पहिला मान थोरल्यांचा!"

महाराज वळले. आबासाहेबांचा अंगठा केव्हाच मुठीत शिरला होता.